अव्वल शर्यती घोड्यासाठी धावपट्टी कशी निवडावी

महाराष्ट्रात शर्यतीचा घोडा बाळगणाऱ्या मालकाला धावपट्टी निवडण्याचा प्रश्नच पडत नाही, असा एक समज आहे. मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे रेसकोर्स ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची दोन्ही मैदाने गवताची आहेत आणि इंडियन डर्बीही गवतावरच होते. मग निवडायचे ते काय? वास्तविक जुलैपासून पावसाळ्यात चालणारा पुण्याचा हंगाम आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरड्या हवेत चालणारा मुंबईचा हंगाम या घोड्याच्या पायांच्या हिशेबाने दोन वेगळ्या जमिनी आहेत. त्यात रोजचा सराव वाळूच्या ट्रॅकवर होतो, म्हणजे तिसरी जमीन आली. आणि घोडा खरोखरच अव्वल निघाला व दुबईकडे न्यावासा वाटला, तर तिथे गवताबरोबर डर्ट, म्हणजे वाळूमिश्रित मातीची पट्टीही असते.

साधारण घोड्यापेक्षा अव्वल घोड्याच्या बाबतीत ही निवड अवघड असते. साधारण घोडा नावडत्या जमिनीवर सरळ हरतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. अव्वल घोडा मात्र आपल्या कुवतीच्या जोरावर नावडत्या जमिनीवरही जिंकून जातो, आणि मालक त्या विजयालाच जमीन मानवल्याचा पुरावा समजतो. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमध्ये निकालापेक्षा घोडा कसा धावला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे पाय काय सांगतात, याला अधिक वजन दिले आहे.

पहिली पायरी : खूर जमिनीवर पडतो तेव्हा काय होते, हे समजून घ्या

भरधाव धावताना खुराचे काम तीन टप्प्यांत होते. खूर जमिनीला टेकतो आणि किंचित पुढे घसरतो. मग तो थांबतो आणि शरीराचा पूर्ण भार त्या एका पायावर येतो. शेवटी टाचेकडचा भाग उचलला जाऊन खुराचे टोक जमिनीत रुतते आणि घोडा स्वतःला पुढे ढकलतो. भरधाव वेगात पुढच्या एका पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. पाचशे किलोच्या घोड्यात तो सव्वा टनाच्या घरात जातो, आणि तो पेलणारी पायाच्या हाडाची नळी मनुष्याच्या मनगटाहून फार जाड नसते.

धावपट्ट्यांमधला फरक या तीन टप्प्यांतच आहे. चांगल्या गवतावर खूर फार घसरत नाही, कारण मुळांची जाळी त्याला धरते. जमीन थोडी दबते आणि थोडी परत उसळते. डर्टवर वरचा काही इंचांचा थर मोकळा असतो व त्याखाली घट्ट तळ असतो, त्यामुळे खूर आधी अधिक घसरतो आणि मग तळावर जाऊन थांबतो. सिंथेटिक पट्टीत वाळू, कृत्रिम धागे आणि मेण यांचे मिश्रण असते, काही प्रकारांत रबराचे तुकडेही मिसळतात. ही पट्टी धक्का बराच शोषून घेते आणि पाऊस पडला तरी फारशी बदलत नाही. पॉलिट्रॅक आणि टॅपेटा ही तिची जगभर परिचित असलेली दोन नावे.

गवत आणि डर्ट यांच्यातला दुसरा फरक शर्यतीच्या घडणीचा आहे. डर्टवर सुरुवातीपासून वेग जोरात असतो, पुढे राहणाऱ्याला फायदा मिळतो आणि मागे राहिलेल्याच्या तोंडावर माती उडते. गवतावर बहुधा सुरुवात राखून होते आणि शेवटच्या ६०० मीटरमध्ये कोण जास्त वेग काढतो यावर निकाल लागतो. गवतावर शेवटी उसळी मारून जिंकणारा घोडा डर्टवर नेला तर त्याचे पाय जमिनीशी जुळतीलही, परंतु त्याची सवय त्या शर्यतीच्या घडणीशी जुळेलच असे नाही.

सिंथेटिक पट्टी या दोहोंपैकी गवताला जवळची मानावी. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता अनिता येथे ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतील मोठी शर्यत प्रो-राइड या सिंथेटिक पट्टीवर झाली, तेव्हा युरोपातील गवतावरचे दोन मायलर, म्हणजे मैलभराच्या शर्यतींचे घोडे, रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर, पहिले आणि दुसरे आले. डर्टवर हीच शर्यत युरोपच्या चांगल्या घोड्यांनी अगदी थोडक्यात गमावलेली आहे. २००० मध्ये अमेरिकेतील चर्चिल डाउन्सला युरोपचा जायंट्स कॉजवे अमेरिकेच्या टिझनाऊच्या मागे दुसरा राहिला. अमेरिकेतील नोंदी असेही दाखवतात की शर्यतीत घोड्यांना होणाऱ्या प्राणघातक दुखापतींचे प्रमाण सर्वसाधारणपणे सिंथेटिक पट्टीवर सर्वांत कमी आणि डर्टवर सर्वांत जास्त असते. तरीही सांता अनिता, कीनलँड, डेल मार आणि दुबईचे मेदान हे सर्व काही वर्षे सिंथेटिक वापरून पुन्हा डर्टकडे वळले. मेदानवर २०१० ते २०१४ दुबई वर्ल्ड कप टॅपेटावर झाला आणि २०१५ पासून तो डर्टवर होऊ लागला. एखाद्या मैदानाचे जुने निकाल पाहताना त्या वर्षी तिथे कोणती पट्टी होती, हे आधी तपासावे.

दुसरी पायरी : पट्टीचे नाव सोडा, त्या दिवसाची अवस्था वाचा

‘गवत’ हा शब्द पुरेसा नाही. ब्रिटनमध्ये गवताची अवस्था हार्ड, फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट आणि हेवी अशा शब्दांत सांगतात. ऑस्ट्रेलियात १ ते १० असे आकडे आहेत, ज्यात १ सर्वांत कडक आणि १० सर्वांत जड. आपल्याकडे शर्यतीच्या दिवशी पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो. या उपकरणात ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडून एक कांडी जमिनीत किती शिरते ते मोजतात, म्हणून आकडा मोठा तेवढी जमीन मऊ. ब्रिटनमध्ये जमीन मोजण्यासाठी वापरतात त्या गोइंगस्टिकचे नेमके उलट आहे. तिथे आकडा मोठा तेवढी जमीन कडक. दोन देशांचे आकडे शेजारी मांडून तुलना करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

पेनेट्रोमीटरचा आकडा सरासरी असतो. पुण्यात सकाळी सरी येऊन गेल्यावर वळणाचा सखल भाग आणि सरळ पट्टा यांत चांगला फरक पडू शकतो. त्यामुळे शक्य असेल तिथे ट्रेनरने पट्टी स्वतः चालून पाहावी. टाच दाबावी, ती किती आत जाते यापेक्षा उचलल्यावर खड्डा तसाच राहतो की कडा हळूहळू मिटतात, हे पाहावे. खड्डा तसाच राहिला आणि त्यात पाणी झिरपले तर ती जमीन घोड्याचा खूर धरून ठेवेल आणि प्रत्येक टापेला त्याची ताकद खाईल. वरचे गवत ओले, परंतु खाली कडक, ही त्याहून वाईट अवस्था आहे, कारण तिथे खूर रुतत नाही, निसटतो. दीर्घ उघडिपीनंतर पहिली जोरदार सर येते, तेव्हा असे हमखास होते.

रेसकार्डावर फॉल्स रेलची, म्हणजे धावपट्टीच्या आतल्या कडेच्या सरकत्या कठड्याची, ओळही असते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. अमुक मीटरपासून तमुक मीटरपर्यंत रेल इतके मीटर बाहेर सरकवली आहे, असे त्यात लिहिलेले असते. आतली पट्टी तुडवली जाऊन खराब झाली की तिला विश्रांती देण्यासाठी रेल बाहेर घेतात. रेल बाहेर असेल तर घोडे तुलनेने ताज्या गवतावर धावतात. ती परत आत आणली की आतल्या कडेचे ताजे गवत रेलला चिकटून धावणाऱ्यांच्या वाट्याला येते. हंगामाच्या अखेरीस एखादा घोडा ‘कडक जमिनीवर’ जिंकला असे आपण म्हणतो, तेव्हा तो कदाचित त्या दिवशीच्या एकमेव चांगल्या पट्ट्यावर धावलेला असतो.

डर्टवर पाणी साचलेले दिसले म्हणजे पट्टी संथ झाली असे मानू नये. पावसाआधी रोलर फिरवून वरचा थर दाबून घेतात, पाणी वरून वाहून जाते, खालचा तळ घट्ट राहतो आणि वेळा उलट जलद येतात. खरी जड अवस्था त्यानंतर, पाणी मुरून चिखल झाल्यावर येते. सिंथेटिकवर पावसापेक्षा उष्णतेचा परिणाम अधिक होतो, कारण त्यातले मेण मऊ पडते. डेल मारला पॉलिट्रॅक टाकल्यानंतर सकाळच्या थंडाव्यात जलद वाटणारी पट्टी दुपारी संथ होते, अशी तक्रार घोडेवाल्यांनी पहिल्याच वर्षी केली होती.

तिसरी पायरी : घोड्याची चाल आणि खूर पाहा

घोडा सरावात तुमच्या समोरून, आडव्या बाजूने जात असताना त्याचा पुढचा गुडघा किती उचलला जातो ते पाहा. काही घोडे पाय जवळजवळ जमिनीलगत पुढे फेकतात. यांना कडक किंवा चांगली जमीन मानवते, कारण मऊ जमिनीत त्यांना दर टापेला खूर ओढून काढावा लागतो. काही घोडे गुडघा वर घेऊन गोल पाय टाकतात. ते मऊ जमिनीतून सहज पाय काढतात, परंतु कडक जमिनीवर त्यांचा पाय वरून आपटतो आणि काही शर्यतींनंतर ते आखडू लागतात. मोठा, पसरट खूर मऊ जमिनीला आणि लहान, उभट खूर कडक जमिनीला बरा, असेही जुने लोक सांगतात. तो केवळ कल आहे. चालीचा पुरावा त्याहून भरवशाचा असतो.

घोड्याची बांधणीही हिशेबात घ्यावी. अंगाने जड, पुढच्या भागावर भार टाकून धावणारा घोडा कडक मुंबईवर जितका जपून वापरावा तितका हलका, लवचीक घोडा जपावा लागत नाही. पायाच्या जुन्या दुखण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. हाड आणि सांधा यांची तक्रार असलेल्या घोड्याला कडक जमीन त्रास देते. मागच्या बाजूच्या कंडरेची, म्हणजे टेंडनची, तक्रार असलेल्याला खोल आणि ओढणारी जमीन अधिक घातक ठरू शकते. ‘पाय नाजूक आहेत, म्हणून मऊ जमीन द्या’ हा सरसकट सल्ला त्यामुळे अर्धाच बरोबर आहे.

चौथी पायरी : वंशावळ वाचा, पण आईची बाजू विसरू नका

न धावलेल्या घोड्याबद्दल वंशावळ हाच पहिला पुरावा असतो. शर्यतींची संख्या वाढत जाते तशी तिची किंमत कमी होत जाते. बहुतेक जण बापाचे नाव पाहून थांबतात. जपानच्या फॉरएव्हर यंगचे उदाहरण घ्यावे. त्याचा बाप रिअल स्टील हा २०१६ ची दुबई टर्फ जिंकलेला, म्हणजे गवताचा घोडा, आणि आजा डीप इम्पॅक्ट हाही गवताचा. परंतु त्याच्या आईने, फॉरएव्हर डार्लिंगने, अमेरिकेत डर्टवर ग्रेड, म्हणजे वरच्या दर्जाची, शर्यत जिंकली होती. फॉरएव्हर यंग डर्टवर उतरला आणि २०२५ ची सौदी कप त्याने जिंकली. त्या शर्यतीत त्याच्या मागे थोडक्यात दुसरा आलेला हाँगकाँगचा रोमँटिक वॉरियर मात्र गवतावरचा विजेता होता. वंश कल दाखवतो आणि उच्च प्रतीचा घोडा त्या कलाची मर्यादा बरीच ताणू शकतो, या दोन्ही गोष्टी त्या एका निकालात दिसतात.

पाचवी पायरी : मागच्या शर्यती नव्याने वाचा

एका वहीत प्रत्येक शर्यतीची एक ओळ लिहावी : मैदान, अंतर, पेनेट्रोमीटरचा आकडा, रेल कुठे होती, शेवटच्या ६०० आणि ४०० मीटरची वेळ, जॉकी उतरल्यावर काय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा कसा निघाला. क्रमांक शेवटी लिहावा. जिंकलेल्या शर्यतींच्या ओळी हरलेल्यांइतक्याच काटेकोरपणे भराव्यात, कारण अव्वल घोड्याच्या बाबतीत खरी माहिती तिथेच दडलेली असते. चार लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या शरीराएवढे अंतर) जिंकला, पण शेवटी सरळ न धावता बाहेर झुकत गेला, हे जमीन टोचत असल्याचे लक्षण असू शकते. तिसरा आला, पण शेवटच्या २०० मीटरमध्ये सर्वांपेक्षा जलद होता, तर जमीन मानवली आणि अंतर कमी पडले असेल.

सिगार या अमेरिकी घोड्याची कथा या संदर्भात वारंवार सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीच आहे. तो गवतावर बहुतेक शर्यती हरत राहिला. ऑक्टोबर १९९४ मध्ये ट्रेनर बिल मॉट यांनी त्याला अ‍ॅक्वेडक्टला डर्टवर उतरवले आणि तो एक मैलाची शर्यत आठ लांबींनी जिंकला. तेथून सलग १६ विजय झाले, त्यांत मार्च १९९६ ची पहिली दुबई वर्ल्ड कपही होती. अमेरिकेच्याच झेन्याटाचे उदाहरण याच्या पलीकडचे आहे. २० शर्यतींतल्या १९ जिंकणाऱ्या या घोडीच्या १७ शर्यती सिंथेटिकवर झाल्या होत्या. डर्टवर ती तीन वेळा धावली, दोनदा जिंकली आणि २०१० च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये ब्लेम या घोड्याकडून केवळ डोक्याच्या फरकाने हरली. ती डर्टवर चालत नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु त्या दिवशी सुरुवातीला ती फार मागे पडली होती, आणि डर्टवर एवढे अंतर भरून काढणे सिंथेटिकपेक्षा अवघड जाते.

सहावी पायरी : चाचणी घ्या, आणि वाळूवरील वेळांवर विसंबू नका

वर्तमानपत्रांतल्या ट्रॅकवर्कच्या, म्हणजे सरावाच्या वेळांच्या, सदरात ‘८०० मीटर ५२ सेकंद, ६०० मीटर ३९ सेकंद, इन हँड’ (म्हणजे जोर न लावता) अशा नोंदी येतात. त्या बहुधा वाळूच्या ट्रॅकवरच्या असतात. वाळूवर खूर घसरतो आणि ती ताकद शोषते, त्यामुळे वाळूवर झकास दिसणारा जोरकस घोडा गवतावर तसाच चालेल याची हमी नसते. आणि वाळूवर आळशी दिसणारा, हलकी चाल असलेला घोडा गवतावर पाय ठेवताच वेगळा प्राणी वाटू शकतो. म्हणून गवतावरची मॉक रेस, म्हणजे सरावाची लुटुपुटुची शर्यत, किंवा गवतावर सरावाची संधी मिळेल तेव्हा ती घ्यावी, आणि एकट्याऐवजी सोबत एक घोडा ठेवावा.

डर्टचा विचार असेल तर चाचणीचा हेतू वेळ काढणे हा नसावा. घोड्याला मुद्दाम दुसऱ्याच्या मागे ठेवून तोंडावर माती उडू द्यावी. तो मान वर फेकतो का, बाजूला सरकतो का, की कान मागे टाकून तसाच पुढे जात राहतो, हे वेळेपेक्षा अधिक मोलाचे आहे. वळणही पाहावे. अमेरिकेत आणि दुबईत शर्यती डाव्या बाजूला वळतात. उजव्या हाताला वळण्याची सवय असलेला घोडा वळणावर पुढचा आघाडीचा पाय बदलण्यात अडखळला तर त्याचा दोष मातीला जाऊ नये.

चाचणीच्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी पायांची तपासणी हाच खरा निकाल असतो. मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, दोन्ही पुढच्या नळ्यांवरून तळहात फिरवून उष्णता ताडून पाहावी. एका पायाची दुसऱ्याशी तुलना करावी, कारण किंचित ऊब एकट्या पायावर लक्षात येत नाही. खुरावरच्या सांध्यात भरीवपणा आला आहे का, ते दाबून पाहावे. मग घोड्याला कडक, सपाट जागेवर सरळ रेषेत दुडकी चालवून, समोरून आणि मागून पाहावे. पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना मान वर जाते. घोड्याने दाणा पूर्ण खाल्ला का, हेही मोतद्दाराला विचारावे. अव्वल घोड्याबद्दल मी तरी ट्रेनरच्या घड्याळापेक्षा मोतद्दाराच्या या उत्तराला जास्त मान देईन.

नालांचा विषय थोडक्यात. जमिनीची पकड वाढवण्यासाठी नालेच्या टोकाला उंच कड ठेवण्याची पद्धत पूर्वी डर्टवर होती. ती घसरणारा खूर अचानक थांबवते आणि पायावर ताण वाढवते, म्हणून अनेक ठिकाणी तिच्यावर बंधने आहेत. परदेशी जाण्यापूर्वी तिथले नियम नालबंदाला दाखवून घ्यावेत.

सातवी पायरी : हंगाम जमिनीभोवती आखा

पुणे आणि मुंबई हे दोन्ही हंगाम पूर्ण धावणारा घोडा विरळा असतो आणि अव्वल घोड्याला तसे धावण्याची गरजही नसते. लक्ष्य फेब्रुवारीच्या सुरुवातीची २४०० मीटरची इंडियन डर्बी असेल, तर ती कोरड्या हवेतली, चांगल्या ते कडक गवतावरची शर्यत आहे, हे धरून मागे मोजत यावे. गोल चालीच्या घोड्याला पुण्यात पावसाळ्यात आत्मविश्वास मिळवून द्यावा, मुंबईत त्याच्या शर्यती मोजक्या ठेवाव्यात आणि पाणी मारलेल्या, नुकत्याच रेल सरकवलेल्या दिवसांची वाट पाहावी. जमिनीलगत पाय टाकणाऱ्या घोड्याला ऑगस्टच्या चिखलात उतरवून हरवण्यात काहीच हशील नाही. पुण्यात पाऊस ओसरल्यानंतर त्याला काढावे आणि नोव्हेंबरपासून मुंबईत धावू द्यावे.

परदेशाच्या बाबतीत जपानचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. तिथले गवत कडक आणि जलद असते, तर पॅरिसच्या लाँगशाँवर ऑक्टोबरच्या सुरुवातीला होणारी आर्क ही गवतावरची मोठी शर्यत बहुधा मऊ जमिनीवर होते. ऑर्फेव्रसारखा घोडा २०१२ आणि २०१३ मध्ये दोनदा दुसरा आला, पण २०२५ पर्यंत जपानच्या एकाही घोड्याला ही शर्यत जिंकता आलेली नाही. १९९९ मध्ये जपानच्या एल कोन्डोर पासाला हंगामभर फ्रान्समध्येच ठेवले; तो सें-क्लू मैदानाची मोठी शर्यत आणि प्री फॉय ही शर्यत जिंकला आणि जड जमिनीवर झालेल्या आर्कमध्ये माँट्यूच्या मागे दुसरा राहिला. जमिनीची सवय लागते, मात्र त्यासाठी आठवडे नव्हे, महिने द्यावे लागतात. दुबईचा विचार करणाऱ्या भारतीय मालकाने म्हणूनच पहिल्या खेपेला गवतावरची शर्यत निवडावी आणि डर्टची चाचणी तिथे पोहोचल्यावर, सरावात घ्यावी.

आठवी पायरी : शर्यतीच्या सकाळी निर्णय घ्या

नोंदणी करतानाच मालक, ट्रेनर आणि जॉकी यांनी मिळून एक मर्यादा लिहून ठेवावी : आकडा इथपासून इथपर्यंत असेल तर धावायचे, त्यापलीकडे नाही. शर्यतीच्या दिवशी पाहुणे आलेले असतात, बक्षिसाची रक्कम मोठी असते आणि तेव्हा ठरवायला बसले की मर्यादा सरकते. सकाळचा आकडा आणि पहिल्या दोन शर्यतींच्या वेळा पाहाव्यात. आधी धावून आलेल्या जॉकींना वळणावर पाय निसटतो का, हे स्पष्ट विचारावे. घोडा मागे घेण्याचे नियम आणि वेळेच्या मर्यादा मैदानागणिक वेगळ्या असतात, त्या क्लबकडून आधीच समजून घ्याव्यात आणि पशुवैद्याचे मत लेखी ठेवावे. जमीन मर्यादेच्या काठावर असेल आणि धावायचे ठरलेच, तर जॉकीला रेलपासून दूर, कमी तुडवलेल्या पट्ट्यावर राहण्याची सूचना पॅडॉकमध्येच, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारातच, द्यावी, आणि वहीतल्या त्या दिवसाच्या ओळीत ही सूचनाही लिहावी.